खोक्याला कान लावणारा

कुठलंही खोकं हातात आलं की तो आधी ते उजव्या कानाशी धरायचा. डोळे मिटायचा, खोकं एकदा इकडे, एकदा तिकडे हळूच कलवायचा, आणि आत कुणीतरी चहाडी सांगत असल्यासारखी मान डोलवायचा. "पहले कान," तो म्हणायचा, "बाद में आँख." मग कटर चालायचा.

तुम्ही म्हणाल, खोक्यात ऐकायचं काय? मीही तेच म्हणत होते. पण तेव्हा मी पुष्कळ काही म्हणत असे, ते सगळं मनावर घेऊ नका.

त्याचं नाव सांगत नाही. त्याला आवडलं नसतं, का ते पुढे कळेलच. ऑफिसात सगळे त्याला मुदीर म्हणायचे. मुदीर म्हणजे इथल्या अरबीत साहेब. माणूस चिनी, धंदा शारजा-दुबईत, बोलणं हिंदीत, आणि ती हिंदीही पठाण ड्रायव्हर आणि मल्याळी दुकानदार यांच्याकडून उचललेली. वयानं माझ्याहून चांगला दहा-बारा वर्षांनी लहान. तोंडावर मी "सर, सर" करायचे आणि मनात अरेतुरे. इथेही अरेतुरेच करते. या वयात आता कुणाला घाबरू?

त्याच्याकडे मी लागले तेव्हा आमचा ग्लेन कॉलेजात गेला होता आणि मला घर खायला उठलं होतं. वसईहून लग्न होऊन शारजाला आल्यावर मी दोन-तीन ऑफिसांत टायपिंग केलेलं, त्यामुळे माझं इंग्रजी थेट राणीच्या माजघरातून आलंय अशी माझी समजूत. मुलाखतीला गळ्यात रेशमी स्कार्फ बांधून गेले. ऑगस्ट महिना! पार्किंगपासून गोदामापर्यंत जाईस्तोवर त्या स्कार्फचं पोतेरं झालं. आत निळा टी-शर्ट घातलेला एक माणूस जमिनीवर मांडी घालून खोकी फोडत होता. मी त्याला बहिऱ्याशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करत, मोठ्यानं म्हटलं, "आय... हॅव... कम... टू मीट... द बॉस."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हातातलं खोकं माझ्यापुढे केलं.

"आंटी, बैठो. इसमें क्या टूटा है, सुनके बताओ."

तोच बॉस. मी खोकं कानाला लावलं. मला माझ्याच छातीची धडधड तेवढी ऐकू आली. "ग्लास," मी ठोकून दिलं. आतून इस्त्री निघाली.

"झूठ बोलती है," तो शेजारच्या पोरीला म्हणाला, "मगर कॉन्फिडन्स है. फोन पे बिठाओ."

अशी मी कस्टमर केअरची मॅडम झाले.

धंदा त्याचा ऑनलाइन दुकानाचा. मिक्सर, चादरी, खेळणी, दिवे, असं घराला लागणारं सगळं. लोकांनी फोनवर बोट दाबायचं आणि आमच्या व्हॅननं दारात नेऊन टाकायचं. एवढा मोठा कारभार झाला तरी परत आलेला माल आधी त्याच्या टेबलावर यायचा. "बिका हुआ माल तारीफ करता है," तो म्हणायचा. "वापस आया हुआ माल सच बोलता है."

सुरुवात त्यानं एका सुटकेसवर केली होती. पोरसवदा असताना इथे आला आणि प्लगचे अडॅप्टर, मोबाइलची कव्हरं, भिंतीवरची घड्याळं असला माल सुटकेसमध्ये भरून शारजातल्या इमारती पालथ्या घालायचा. कुठल्या इमारतीत शिरता येईल ते नातूरच्या मर्जीवर. नातूर म्हणजे आमच्याकडचा इमारतीचा रखवालदार. दार, लिफ्ट, कचरा, पाणी, सगळं त्याच्याच हातात. बरेचसे नातूर हाकलायचे. एकानं मात्र त्याला लॉबीतल्या एसीत बसू दिलं, पाण्याची बाटली दिली, आणि घड्याळ घेण्याआधी ते कानाला लावलं. "चलता है कि नहीं, ऐसे मालूम होता है," तो नातूर म्हणाला. मुदीरची विद्या ही अशी.

पैसा आल्यावर दर उन्हाळ्यात तो वाटप करायचा. टोप्या, पाण्याचे जग, चादरी. कामगारांच्या खोल्यांवर, बंदरावर, इमारतींच्या नातूरना. वाटायला मी लागायचेच, कारण आंटीला बघून कुणी दचकत नाही असं त्याचं म्हणणं. मीही मिरवायचे. पहिल्या वेळी मी चांगली साडी नेसून, फोन पुढे धरून, एका माणसाला म्हटलं, "भैया, जरा स्माइल." मुदीरनं फोन माझ्या हातातून अलगद काढून घेतला.

"नाम नहीं. फोटो नहीं."

परतीच्या वाटेवर त्यानं कारण सांगितलं. गावच्या शाळेत असताना कुणा शेठनं पोरांना बूट वाटले होते. सगळ्यांना रांगेत उभं करून फोटो काढला आणि तो शाळेच्या दाराशी लावला. "जूता एक साल में फट गया, आंटी. फोटो नहीं फटा." त्याच्या लग्नापर्यंत तो फोटो तिथेच होता. तेव्हापासून त्याचा नियम: घेणाऱ्यानं नाव सांगायचं नाही, आणि देणाऱ्यानंही नाही. कुठून आलं म्हणून कुणी विचारलंच तर मी म्हणायचं, "वरून."

हा नियम मला फार सुंदर वाटायचा. मी चर्चमध्ये चार बायकांना तो सांगून भावही खायचे.

आता त्या जूनमधली गोष्ट. माझी नात रिया तेव्हा चार महिन्यांची. ग्लेन आणि सून लवीना आमच्याकडेच राहायचे, शारजातल्या अल मजाजला, खाडीकाठच्या टॉवरमध्ये. त्या वर्षी मुदीरनं वाटायला पंखे घेतले होते. तळहातापेक्षा थोडे मोठे, चार्जिंगचे, चिमटा लावलेले. एकावर एक पलंग असलेल्या खोलीत वरच्या माणसापर्यंत एसीचा वारा पोचत नाही, त्यानं पलंगाच्या दांडीला लावावा म्हणून. तेच पंखे आम्ही ऑनलाइनही विकत होतो.

एका सकाळी त्यातला एक परत आला. अजमानच्या कुणा बाईनं "चालू होत नाही" एवढंच कळवलेलं. मुदीरनं खोकं कानाशी धरलं आणि डोळे मिटले. ते मिटलेलेच राहिले. मान डोलली नाही. मी समोर उभी होते. त्याची बोटं खोक्यावर हळूहळू सैल होताना मी पाहिली.

"आंटी, पीछे जाओ."

तान्हं मूल न्यावं तसं दोन्ही हातांवर ते खोकं घेऊन तो बाहेर गेला. आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादलीत त्यानं ते ठेवलं, वर वाळू लोटली, आणि आम्हा सगळ्यांना भिंतीआड उभं केलं. काहीच होईना. पॅकिंगच्या पोरी एकमेकींना कोपरं मारू लागल्या. मीही हळूच म्हटलं, "उन्हानं डोकं फिरलं वाटतं ह्याचं."

आणि वाळू उसळली. फट् असा आवाज झाला, बादलीतून पिवळीजर्द जीभ बाहेर आली आणि जळक्या प्लॅस्टिकचा धूर भिंतीवरून आमच्या अंगावर आला. कुणी हसलं नाही.

आतली बॅटरी फुगत होती. फुगली की ती कवचाला रेटते, आणि कवच टक् टक् करतं. ते त्याला ऐकू आलं होतं.

विकलेल्या पंख्यांचं सोपं होतं, त्यांचे पत्ते होते. पोरी फोनला बसल्या. सरकारी खात्यालाही त्यानं त्याच तासात कळवलं. पण वाटलेल्या पंख्यांचं काय? कुठल्या खोल्यांवर, कुठल्या इमारतीत दिले ते आम्हाला माहीत. कुणाच्या हातात गेले ते नाही. बाहेर उन्हाचा कहर, आणि माणसं पंखा चार्जिंगला लावून उशाशी घेऊन झोपणार.

आमचा मॅनेजर पुण्याचा. त्यानं मला बाजूला घेतलं.

"काकू, तुम्ही समजवा ह्यांना. मोठा ग्रुप आपली कंपनी विकत घेतोय, पुढच्या आठवड्यात सही आहे. विकलेला माल परत मागवू, नो प्रॉब्लेम. पण कामगारांच्या कॅम्पांवर जाऊन 'आमचा पंखा पेटतो' म्हणून ओरडत फिरायचं? वाटले ते आपण, हे कुणाला ठाऊकय? नाव नाही, फोटो नाही. इट्स अ ब्लेसिंग, काकू!"

मुदीर आमच्याकडेच बघत होता. "क्या बोला?"

मी सांगितलं. पदरचं काही घातलं नाही, निदान या वेळी.

"नाम नहीं, फोटो नहीं," तो पुटपुटला. स्वतःचंच वाक्य कुणी दुसऱ्यानं म्हटल्यासारखं त्यानं ते ऐकलं. "जिसके बिस्तर में आग लगेगा, उसका भी नाम नहीं."

मॅनेजर काही बोलणार तेवढ्यात त्यानं हात वर केला. "खलास. गाडी निकालो."

व्हॅनमध्ये आम्ही वायरवाले टेबल पंखे भरले. जुना द्या, हा घ्या. पहिल्यांदा गेलो ते अबू धाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीच्या पलीकडे, मुसाफ्फातल्या कामगारांच्या खोल्यांवर. मी पुढे झाले. "भैया, वो छोटावाला पंखा मिला था ना? वो वापस दो."

कुणाकडेच पंखा नव्हता. एका खोलीत नाही, दुसऱ्या खोलीत नाही. सगळे माना हलवत होते. "कौन सा पंखा, मॅडम?" मी चिडले. ह्याच खोलीत मी माझ्या हातानं दिले होते! चार्जिंगच्या वायरी तपासल्या, उशा उचलल्या. काही नाही. मुदीर दारात उभा, घामानं टी-शर्ट पाठीला चिकटलेला. एका माणसानं दुसऱ्याला हळूच विचारलेलं मी ऐकलं: "दिया हुआ वापस क्यों लेते हैं?"

तेव्हा माझी नजर पलंगाखाली गेली. प्रत्येक पलंगाखाली एक पुठ्ठ्याची पेटी.

आता ही पेटी तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. आखातात आलेल्या प्रत्येकाच्या पलंगाखाली ती असते. घरी जायचं ते दोन वर्षांनी, पण पेटी भरायला पहिल्याच आठवड्यात सुरुवात. साबण, बाम, बदाम, टॉवेल. चांगलं म्हणून जे काही हाती येईल ते स्वतः वापरायचं नाही, पेटीत टाकायचं. माझ्या पलंगाखाली लग्नापासून आहे. आमच्या संसारात ओव्हन उशिरा आला, पेटी आधी आली. पहिल्या वर्षी मी तिच्यात साड्यांशेजारी मसाल्याचा डबा ठेवला होता. वसईला सासूबाई वर्षभर लवंगेच्या वासाच्या साड्या नेसत होत्या.

"सर," मी म्हटलं, "इन्होंने वापरा ही नहीं. पेटी में है. घर के लिए."

त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. वापरला नाही म्हणजे चार्ज केला नाही. पण लगेच तोंड उतरलं. पेट्या घरी जाणार. कुणाची या आठवड्यात, कुणाची पुढच्या. तिथे तो पंखा पोराच्या हातात पडणार.

मग त्यानं जे केलं ते त्याच्या जिवावर आलेलं मला दिसत होतं. तो खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, शाळेतल्या मुलासारखा.

"पंखा मैंने दिया था," तो म्हणाला. "मैं. मेरा माल खराब है. आग लगता है. घर में बच्चा है ना? मत भेजो. मेरे को वापस दो."

मग वरच्या पलंगावरून एक म्हातारा उतरला, वाकून पेटी ओढली आणि टॉवेलात गुंडाळलेला पंखा काढून त्याच्या हातात दिला. कोरा. खोकंसुद्धा उघडलेलं नव्हतं. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक खोलीत त्याला तेच वाक्य म्हणावं लागलं. प्रत्येक वेळी आवाज पहिल्याइतकाच अडखळायचा. एका खोलीत दोघा-तिघांनी फोन वर धरून त्याचा फोटो काढला. त्यानं काढू दिला.

पुढचे दिवस असेच गेले. फुजैराला बंदरावरच्या माणसांचे मिळाले. एकाचा फुगून अंड्यासारखा झालेला. तो मुदीरनं समुद्रकाठच्या वाळूत पुरला आणि आम्ही लांब बसून त्याचा धूर बघितला. मग शारजातल्या इमारती, एकेका नातूरची खोली. सगळं गाव पालथं घालून झालं, आणि एका दुपारी व्हॅनमध्ये तो सहज म्हणाला, "आंटी, आपका बिल्डिंग?"

दिव्याखाली अंधार! आमच्या इमारतीच्या नातूरला पंखा मी स्वतः दिला होता, आणि रोज त्याच्यासमोरून जात-येत होते. रफीक त्याचं नाव. चितगावचा, बायको-मुलगी तिकडेच. बाबागाडी पायऱ्यांवरून उचलून द्यायचा, रियाला बघितलं की टोपी काढून सलाम करायचा.

लॉबीत खुर्चीवर कुणी नवाच बसला होता. "रफीकभाई? आज गया. फायनल. कायम का गया. शाम का फ्लाइट."

मी रफीकचा नंबर लावला. समोरच्या माणसाच्या खिशात फोन वाजला. कायमचा जाणारा माणूस सिम मागच्याला देऊन जातो. हेही मला माहीत असायला हवं होतं.

मुदीरनं व्हॅन जी हाणली ती शारजाच्या विमानतळावरच थांबवली. मी रस्ताभर जपमाळ हातात धरून नुसतेच मणी ओढत होते, प्रार्थना एकही आठवेना. ती पेटी विमानात चढली असेल तर? रफीकच्या मुलीनं पंखा चार्जिंगला लावला तर?

रफीक रांगेत होता. नव्या शर्टात. गाडीवर पेटी, निळ्या दोरीनं करकचून बांधलेली, चारही बाजूंना मार्करनं मोठ्ठं नाव. आम्हाला बघून तो हरखला. त्याला वाटलं, निरोप द्यायला आलोय.

"रफीक, वो पंखा. पेटी में है?"

त्याचं हसू विझलं. तो माझ्याकडे बघायचा, मुदीरकडे बघायचा, मान खाली घालायचा. काउंटरवरचा माणूस ओरडला, "यल्ला, यल्ला, चितगाव क्लोजिंग!"

मुदीर गुडघ्यांवर बसला आणि दोरी सोडू लागला. ती दोरी बांधायला रफीकला अख्खी सकाळ लागली असणार. लोक आमच्याभोवती जमले. दुधाच्या पावडरचे डबे निघाले, बामच्या बाटल्या, बदाम, बायकोसाठी चमकीचं कापड. सवयीनं मुदीर एकेक वस्तू कानाशी धरून बाजूला ठेवत होता. एका खोक्यातली बाहुली हलवल्याबरोबर गाणं म्हणायला लागली, आणि त्या सगळ्या गोंधळात ती काही केल्या थांबेना. तळ लागला. पंखा नव्हता.

"रफीक!" मी जवळजवळ किंचाळले. "पंखा किधर है?"

तो माझ्या कानाशी आला. मुदीरला ऐकू जाऊ नये म्हणून. "मॅडम, आप के घर दिया. बेबी के लिए. साहब का दिया चीज़ मैंने आगे दिया, साहब को बुरा लगेगा..."

मुदीरनं ऐकलंच. त्याचा कान तो!

"आंटी, टॅक्सी पकडो. मैं पेटी बंद करता है."

"सर, उसका फ्लाइट..."

"जाओ!"

इतक्या वर्षांत तो माझ्यावर तेव्हा पहिल्यांदा ओरडला. व्हॅन मला चालवता येत नव्हती. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी इतक्यांदा नापास झालेली की परीक्षक मला घरच्यांची ख्यालीखुशाली विचारायचे. धावत दारापाशी गेले आणि मागे वळून बघितलं: फरशीवर डबे, कापड, गाणारी बाहुली, आणि मध्ये तो, जे जिथून काढलं तिथेच परत ठेवणारा.

टॅक्सीत लवीनाला फोन लावला. उचलेना. बाळ झोपलं की फोन सायलेंट, हा नियम मीच तिला घालून दिला होता. मोठ्या तोऱ्यात. यांना लावला. यांचा फोन दुपारी कपाटावर चार्जिंगला असतो. चार्जिंगला! त्या एका शब्दानं माझ्या डोळ्यांपुढे नको ते उभं राहिलं. पाळण्याच्या दांडीला चिमटा, चिमट्याला पंखा, पंख्याला वायर. ग्लेन कामावर अबू धाबीला. सिग्नल सुटेना.

"अम्मा, रो मत," पठाण ड्रायव्हर म्हणाला. "इन्शाल्ला सब खैर."

मी रडत नव्हते. असं मी त्याला सांगितलंसुद्धा, नाक ओढत.

घराचं दार उघडलं तर शांत. पाळणा रिकामा. रिया आमच्या मोठ्या पलंगावर झोपली होती, दोन्ही बाजूंना उशा लावून, मुठी डोक्यावर. लवीना शेजारी पेंगलेली. पंखा कुठेच नाही.

"मम्मी? व्हॉट हॅपन्ड?"

"नातूरनं पंखा दिलेला, कुठाय?"

"कुठला पंखा?"

आमचे हे स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन आले. "तो होय? तो परवाच मी पेटीत टाकला. तुझ्या बहिणीच्या नातीला होईल. तीस दिरहमचा तरी असेल, म्हणजे सहाशे रुपये झाले की गं!"

पेटी. पलंगाखाली. ज्या पलंगावर रिया झोपली होती, त्याच.

"पोरीला उचल आणि जिन्यात जा," मी लवीनाला म्हटलं. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, एरवी मला तीन प्रश्न विचारणारी ती पोर एक अक्षर न बोलता निघाली. मी पेटी ओढली. टॉवेल, साबण, त्याखाली ते छोटं खोकं. कानाला लावलं.

टक्.

मग बऱ्याच वेळानं पुन्हा, टक्. पुठ्ठा कोमट लागत होता.

यांना वाटलं बाईला भूतबाधा झाली. नाताळात फुगे, म्हणजे आमच्याकडचे मैद्याचे गोळे, तळायचं माझं मोठं पातेलं मी काढलं, कोरफडीची कुंडी त्यात उपडी केली, मातीत खोकं खुपसलं आणि पातेलं घेऊन जिना उतरले. "अगं, नवीन आहे तो!" हे वरून ओरडत होते. शारजात वाळूला काय तोटा? इमारतीमागच्या कच्च्या पार्किंगमध्ये एका रिकाम्या कोपऱ्यात पातेल्यासकट सगळं ठेवलं, वर वाळू लोटली आणि लांब जाऊन उभी राहिले.

मुदीर आला तेव्हा पातेल्यातून धुराची बारीक रेघ वर जायला लागली होती.

"बेबी?"

"सोई थी. अभी उठ गई."

"रफीक गया," तो म्हणाला. "रस्सी मैंने बाँधा." आणि मग फुटपाथच्या कडेवर मटकन बसला. वाळूतून एकदा ज्योत निघाली आणि गेली. माझं पातेलं काळं ठिक्कर पडलं. लवीना रियाला घेऊन लांब उभी होती. रिया आमच्याकडे बघून जांभई देत होती.

"नाम लिखना था, आंटी," तो म्हणाला. "उन लोगों का नहीं. मेरा."

मोठा ग्रुप पुन्हा फिरकला नाही. खात्यानं कान उपटले, दंड झाला. मॅनेजरनं दुसरी नोकरी धरली. धंदा आटला, पण बुडाला नाही. वाटपही थांबलं नाही. फक्त पुढे त्यानं जे जे दिलं, त्या प्रत्येकाच्या बुडाला एक चिठ्ठी चिकटवलेली असायची. त्यावर त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर आणि हिंदी, उर्दू, बंगालीत एकच ओळ: खराब निघालं तर मला फोन करा.

आणि लोक करायचे! मीटिंगमध्ये, जेवताना, गाडी चालवताना. फुजैराचा एक जण तर चालू पंख्यासमोर फोन धरायचा. "साहब, सुनो, आवाज ठीक है?" मुदीर डोळे मिटून ऐकायचा. "बायीं तरफ घिसता है. तेल डालो." पलीकडून कुणाला मुलगा झाल्याचं कळायचं, कुणाचा बाप गेल्याचं. तो सगळं ऐकून घ्यायचा. नाव मात्र कुणाला विचारायचा नाही. आवाजावरून ओळखायचा.

मग त्याची आई आजारी पडली आणि तो सगळं आवरून गावी निघाला. निरोपाला मी वसईची सुकेळी नेली होती, उन्हात वाळवलेली केळी, बहिणीनं पाठवलेली, केळीच्या पानात गुंडाळलेली. खोकं त्याच्यापुढे केलं.

"इसमें क्या है, सुनके बताओ."

त्यानं कानाला लावलं. डोळे मिटले. इकडे कलवलं, तिकडे कलवलं.

"ग्लास," तो म्हणाला.

"झूठ."

"मगर कॉन्फिडन्स है," म्हणाला आणि हसत गाडीत बसला. त्यानंतर काही मी त्याला पाहिलं नाही. नंबर चालू ठेवलाय, असं मात्र जाता जाता सांगून गेला.

आमच्या घरी त्यानं दिलेला वायरवाला टेबल पंखा आहे. रिया अभ्यासाला बसते तिथे फिरत असतो. परवा तिनं तो उलटा करून बघितला.

"आजी, हूज नंबर इज धिस?"

"खराब झाला तर ज्याला फोन करायचा त्या माणसाचा."

"सो कॉल हिम."

"अगं, खराब तर व्हायला हवा."

तिनं पंख्याला कान लावला. "इट्स फाइन, आजी."

तेच तर. किती वर्षं झाली, कुरकुरसुद्धा करत नाही. घरात कुणी नव्हतं तेव्हा एकदा मी तो टेबलावरून हळूच ढकलून पाहिला. मेला, पडल्या जागी आडवा फिरतच राहिला.